परवाना आणि विवेक
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी ट्रस्टचा ऋणी आहे. विषय माझ्यावर सोपविला होता. मी 'जुगाराच्या धंद्याला सरकारने द्यावयाचे परवाने' असा विषय कळविला, तेव्हा कार्यवाहांचा दूरध्वनी आला, "वकीलसाहेब, दान, तीर्थ, शिक्षण असे काही घेता येणार नाही का?" मी म्हटले, दानावरच बोलणार आहे, फक्त तिथे पोचायला थोडा वेळ लागेल. त्यांनी मोठ्या मनाने मान्यता दिली. चाळीस वर्षे मी नाशिकच्या न्यायालयात वकिली केली. आज जे सांगणार आहे, त्यातील शेवटचा भाग त्या वकिलीतील एका चुकीचा आहे.

सप्तव्यसनांची नावे आपल्या पाठशाळेतील मुलांना पाठ असतात. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन. या यादीत द्यूत पहिले आहे. आपल्या आचार्यांना मद्याहूनही जुगार आधी सांगावासा वाटला, कारण या एका दारातून बाकीची सहा आत येतात हे त्यांनी पाहिले होते. श्रावकापुरता हा प्रश्न तिथेच मिटतो. राज्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. राज्यात सर्व प्रकारची माणसे राहतात, आणि ती खेळणार हे राजाला ठाऊक असते. मग त्याने बंदी घालावी, की परवाना देऊन, हिशेब ठेवून, आपला वाटा घेऊन खेळू द्यावे?

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. मनुस्मृतीने राजाला सांगितले की, द्यूत आणि समाह्वय दोन्ही राज्यातून हाकलून दे. फासे-कवड्यांसारख्या निर्जीव साधनांनी खेळतात ते द्यूत, आणि प्राण्यांवर पैज लावतात ते समाह्वय. (घोड्यांची शर्यत या व्याख्येत कुठे बसते, ते श्रोत्यांनीच ठरवावे.) कौटिल्याची वृत्ती व्यवहारी होती. त्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला. जुगार एकाच ठरलेल्या जागी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याला मिळावेत, अशी त्याची व्यवस्था होती. चोर आणि गुप्तपणे वावरणारे लोक अशा जागी आपोआप सापडतात, हा त्यामागचा हेतूही त्याने सांगून ठेवला. आजचा परवाना-अधिकारी वेगळे काय करतो?

मनू आणि कौटिल्य यांच्यानंतर तिसरे उदाहरण आपल्या परंपरेतील आहे, आणि त्यावर मला थोडे थांबावयाचे आहे. बाराव्या शतकात गुजरातेत चौलुक्य कुळातील कुमारपाळ राजा झाला. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने त्याने अमारि-घोषणा केली, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. त्याने राज्याचे एक मोठे उत्पन्नही सोडले, हे मात्र कमी वेळा सांगितले जाते. त्या काळी निपुत्रिक माणूस मेला की त्याचे धन राजा घेत असे आणि विधवा उघडी पडत असे. कुमारपाळाने हे 'मृतधन' घेणे बंद केले. त्याच्या पश्चात यशःपाल नावाच्या लेखकाने 'मोहराजपराजय' हे रूपकात्मक संस्कृत नाटक लिहिले. त्यात व्यसने माणसांच्या रूपात रंगभूमीवर येतात. द्यूत, मांसभक्षण, मद्यपान या सर्वांना राजाने नगराबाहेर घालविण्याची आज्ञा दिलेली असते. ती व्यसने आपला बचाव कसा करतात, हे फार वाचनीय आहे. आम्ही चांगले आहोत, असे ती म्हणत नाहीत. आधीच्या राजांनी आम्हांला राहू दिले आणि आमच्यामुळे राजाच्या खजिन्यात पैसा येतो, एवढेच त्यांचे म्हणणे असते. बंधूंनो, साडेआठशे वर्षांत या बचावात एका शब्दाचाही फरक पडलेला नाही. विधिमंडळात, मंत्रालयात आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत मी तो अनेकदा वाचला आहे.

आता आपल्या मुंबई इलाख्याकडे येऊ. व्यापारी समाज म्हणून हा इतिहास आपल्याला जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईचे व्यापारी कलकत्त्याच्या लिलावात अफूला काय भाव फुटेल यावर पैजा लावीत. माल कोणाकडेच नसे, फक्त भावातील फरक द्यावयाचा. त्यातील एक वाद थेट विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ मध्ये तेथे निर्णय झाला की, अशी पैज कायद्याने वसूल करता येते. त्याच वर्षी सरकारला पैजेचे करार रद्दबातल ठरविणारा कायदा करावा लागला. पुढे १८८७ मध्ये मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला. तोच आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. तो येऊन दोन वर्षे होतात न होतात, तोच उच्च न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रकरण आले. मुंबईत पाऊस पडेल की नाही, पडलाच तर किती, यावर सट्टा चालत असे. पाऊस मोजण्याचे साधन हे जुगाराचे साधन ठरत नाही, म्हणून हा या कायद्यातील जुगार नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. लगेच १८९० मध्ये कायदा दुरुस्त करून पावसावरची पैज त्यात आणावी लागली. कायदा एक दार लावतो आणि बुद्धिमान माणूस खिडकी शोधतो, हा खेळ तेव्हापासून सुरू आहे.

त्याच कायद्याने एक दार मुद्दाम उघडे ठेवले होते. परवाना असलेल्या मैदानावरची घोड्यांची पैज गुन्हा नाही. त्यासाठी १९१२ चा शर्यतीच्या मैदानांच्या परवान्यांचा स्वतंत्र कायदा आहे. मुंबईचे महालक्ष्मी आणि पुण्याचे मैदान त्याखाली चालते. साहेबाची पैज परवान्याची आणि गिरणी कामगाराचा आकडा गुन्ह्याचा, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज व जुगार हा विषय राज्यांच्या सूचीत गेला, तर सरकारांनी चालविलेल्या लॉटऱ्या केंद्राच्या सूचीत. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबई राज्याचाच खटला आला. बंगळूरहून निघणाऱ्या एका वृत्तपत्रातून शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धा चालत आणि त्यांच्या प्रवेशिका मुंबई राज्यातून जात. मुंबई सरकारने कर आणि परवान्याची अट घातली, तेव्हा चालकांनी व्यापारस्वातंत्र्याचा दावा केला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातील जुगाऱ्यापासून मनूपर्यंतचा धांडोळा घेतला आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे, असा निर्णय दिला. वकिली करू लागलो तेव्हा हा निकाल मी दोनदा वाचला होता. धंदा म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट उत्तर कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडते.

आणि तरीही १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. तेव्हा मुंबईत वरळीच्या मटक्याने घरोघर उच्छाद मांडला होता. लोकांना त्यापासून वळवून तोच पैसा लोकहिताच्या कामी लावावा, असा हेतू सांगितला जात असे. हेतू खोटा होता, असे मी म्हणणार नाही. बंदी असली की धंदा थांबत नाही. तो अंधारात जातो, हप्ता सुरू होतो आणि हरलेल्याला दाद मागायला जागा उरत नाही, हे मी न्यायालयात रोज पाहिले. परवान्याच्या बाजूने एवढे तरी मान्य केलेच पाहिजे. पण लॉटरी आली म्हणून मटका गेला नाही. दोन्ही शेजारी-शेजारी चालू राहिले. पुढे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, राज्याने चालविली म्हणून लॉटरीचे जुगारपण जात नाही. हे वाक्य लॉटरीच्या तिकिटामागे छापले असते, तर बरे झाले असते.

कॅसिनोची कथा तर याहून बोधप्रद आहे. १९७६ हे एकच वर्ष आणि शेजारचे दोन प्रदेश. महाराष्ट्राने त्या वर्षी कॅसिनोवर नियंत्रण व कर बसविणारा, म्हणजे परवाना देण्याची सोय करणारा कायदा केला. गोव्याने त्याच वर्षी जुगारबंदीचा कायदा केला. परवाना देणाऱ्या महाराष्ट्रात एकही कॅसिनो उघडला नाही, कारण कायदा संमत होऊनही सरकारने तो कधी अमलातच आणला नाही. याचा निर्णय घ्यावा, म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. अखेर २०२३ साली तो कायदा निरसित झाला. सत्तेचाळीस वर्षे तो पुस्तकात झोपून होता. उलट बंदी घालणाऱ्या गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि नंतर पाण्यावरील जहाजांना मोकळीक दिली. आज मांडवीच्या पात्रात ती दिव्यांची जहाजे उभी आहेत आणि त्यांना तेथून हलविण्याची भाषा प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत प्रवेशबंदी जाहीर झाली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपली मुले आत जाऊ नयेत, असे त्या सरकारला वाटले. परवाना चालू राहिला तो बाहेरच्यांच्या मुलांसाठी, आणि त्या बाहेरच्यांत नाशिकची मुलेही येतात. सुट्टीत 'गोव्याला फिरायला' जाणाऱ्या आपल्या युवकांचे पालक आज इथे बसले आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको.

मोबाइल आल्यापासून गोव्याला जाण्याचीही गरज उरली नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात 'रोलेट' नावाच्या ऑनलाइन खेळाने किती घरे पोखरली, हे वृत्तपत्रांतून आपण वाचले आहे. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले होते. तो निकाल एका क्लबात समोरासमोर बसून खेळणाऱ्यांविषयीचा होता. पुढे त्याच एका शब्दाच्या आधाराने मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. २०२५ च्या जुलैत विधानपरिषदेत बसलेल्या, आपल्याच जिल्ह्यातील एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा पट दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. त्या वादात मला पडावयाचे नाही. पट तिथवर पोचू शकतो, तर आपल्या सामायिकाच्या खोलीतही पोचतो, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यानंतर महिन्याभरातच संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर खेळणाऱ्यास शिक्षा नाही, कारण त्याला कायद्याने पीडित मानले आहे. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारनेच तेव्हा मांडला. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून कॅसिनो, लॉटरी, घोड्यांची शर्यत यांवर वस्तू व सेवा कर चाळीस टक्के झाला. एक हात बंदी घालतो, दुसरा वाटा घेतो. 'मोहराजपराजया'तील द्यूताला हे पाहून आपला मुकदमा अजून हरलेला नाही, असे वाटले असते.

इथपर्यंत सरकारविषयी बोललो. सरकारविषयी बोलणे सोपे असते. आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो.

या शतकाच्या आरंभी आपल्या जिल्ह्यातील एका गावच्या संघाचा मी कायदेशीर सल्लागार होतो. गावाचे नाव सांगत नाही. त्या वेळी चौकाचौकांत ऑनलाइन लॉटरीची केंद्रे उघडली होती. पंधरा-पंधरा मिनिटांनी सोडत, काचेच्या दारामागे पंखा, आत उभ्या माणसांची गर्दी. समाजातील एका गृहस्थांची अशी केंद्रे होती. सर्व रीतसर. त्यांनी पाठशाळेच्या खोलीसाठी मोठी रक्कम देऊ केली. दोन विश्वस्त कचरले आणि माझे लेखी मत मागविण्यात आले. मी दीड पानाचे मत दिले. व्यवसाय परवानाप्राप्त आहे, उत्पन्न जाहीर आहे, रक्कम धनादेशाने येत आहे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात अशी देणगी स्वीकारण्यास कोणतीही आडकाठी नाही. त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. आजही बरोबर आहे.

सभेत ते मत वाचून झाल्यावर एक वृद्ध विश्वस्त, ज्यांना आम्ही सारे काकाजी म्हणत असू, म्हणाले, "वकीलसाहेब, कायद्याने चालते हे तुम्ही लिहिलेत. आपल्याला चालते का, ते लिहिले नाहीत." मी उत्तर दिले, "काकाजी, तो माझा विषय नाही." सभा हसली. ठराव मंजूर झाला, खोली बांधली गेली, दारावर नावाचा संगमरवर बसला.

दोन वर्षांनी त्याच स्थानकाच्या रखवालदाराची पत्नी माझ्या कार्यालयात आली. बावीस वर्षे त्याने तिथले अंगण झाडले होते. गावाकडची दोन बिघे जमीन विकून आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, त्याने त्या काचेच्या दारामागे घालविले होते. सावकाराचे कर्ज वेगळेच. काही कायदेशीर इलाज आहे का, असे ती विचारत होती. इलाज नव्हता. पैजेत गेलेला पैसा न्यायालय परत देत नाही, आणि इथे तर दुकान परवान्याचे होते, फसवणूकही नव्हती. मी तिला विचारले, "त्याला कोणी सांगितले नाही का?" ती म्हणाली, "सांगितलं साहेब. तर म्हणाले, सरकारी आहे, आणि शेठजींचंच आहे. त्यांचं नाव देवाच्या घरात लागलंय, मग वाईट कसं असेल?"

परवाना सरकारने दिला होता. त्यावर दुसरी मोहोर आम्ही उठविली होती, आणि मसुदा माझा होता. कोणत्याही पत्रकापेक्षा त्या संगमरवराने त्या केंद्राची अधिक जाहिरात केली. मुलांनी ज्या खोलीत सप्तव्यसनांचा पाठ घोकला, तिच्या भिंतींत रखवालदाराच्या जमिनीचे किती रुपये होते, याचा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिला आणि तो मला कधी जमला नाही.

आपल्यातील काहींच्या मनात आले असेल की, अशा कसोटीने पाहिले तर कोणताच व्यापार उरणार नाही, जोखीम कुठे नसते? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. लासलगावचा व्यापारी चाळीत कांदा भरून ठेवतो, तेव्हा तोही उद्याच्या भावावर विसंबतो. पण तिथे कांदा असतो. तो कोणी पिकविला, कोणी राखला, कोणी खाल्ला. व्यापारी बुडाला तरी बाजारात माल पोचतो. जिथे माल नाही, नोंद नाही, फक्त फरकाची देवघेव आहे, तो डब्बा. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या बाजारपेठेत तो चालतो, हे आपण सर्वजण जाणतो. मधल्या प्रदेशात शेअर बाजारातील वायदे-पर्याय आहेत. ते पूर्णपणे कायदेशीर आहेत. तरी सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, तीन वर्षांत त्यात उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्याला जुगार म्हणावे की नाही, यावर विद्वानांनी वाद घालावा. शंभरातील त्र्याण्णव हरतात त्या दुकानाची पायरी चढताना श्रावकाने स्वतःला काय म्हणावे, हे ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या ट्रस्टपुढे मी दोन विनंत्या ठेवतो. पहिली देणगीविषयी. नियमावलीत एक कलम घालावे : लॉटरी, कॅसिनो, शर्यतीची पैज, ऑनलाइन पैशाचे खेळ आणि डब्बा यांतून आलेली रक्कम, परवाना असो वा नसो, स्वीकारू नये. देणगीदाराला अपमानित न करता, बंद दाराआड, अध्यक्षांनी स्वतः जाऊन सांगावे. त्यामुळे काही बांधकामे लांबतील. कुमारपाळाने मृतधन सोडले, तेव्हा त्याचाही खजिना भरलेला राहिला नसेल.

दुसरी विनंती बहिष्काराविरुद्ध आहे. ज्याच्या घरात हे शिरले आहे, तो लाजेने स्थानकात यायचे थांबवितो, आणि आपण त्याच्याविषयी कुजबुजतो. माझ्याकडे आलेली बहुतेक प्रकरणे कर्ज फिरण्याच्या पलीकडे गेल्यावर आली. ट्रस्टने दोन वडीलधाऱ्या व्यक्ती आणि एक जाणता हिशेबनीस नेमावा. त्यांच्याकडे आईने, पत्नीने, मुलाने स्वतः नाव न फुटता जाता यावे. त्यांनी कर्जाची यादी करावी, सावकाराशी बोलावे, गरज तर डॉक्टरांकडे न्यावे. हरणाऱ्याच्या हाती रोख मात्र देऊ नये. आणि ही सोय केवळ समाजापुरती नसावी. आपल्या दुकानांतील नोकर, स्थानकांतील रखवालदार, स्वयंपाकी यांनाही ती खुली असावी.

त्या रखवालदाराच्या मुलीचे लग्न काकाजींनी करून दिले. कोणाला न सांगता. मला ते त्यांच्या निधनानंतर कळले.

माझ्या त्या दीड पानी मताची कार्यालयीन प्रत मी आज बरोबर आणली आहे. नवे कलम करताना मसुदा समितीला तिचा उपयोग होईल, कारण काय लिहावयाचे राहिले होते, ते तिच्यात स्पष्ट दिसते. ती मी अध्यक्षांच्या स्वाधीन करतो. बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.